पाय न लावता झिजणारे ब्रेक

चारही चाकं उतरवून डिस्क ब्रेकचे आठही पॅड गॅरेजच्या फरशीवर ओळीने मांडले, की त्यातले कुठलेच दोन सारखे दिसत नाहीत. एकावर अजून आठ मिलिमीटर माल शिल्लक असतो, त्याच चाकातल्या त्याच्या जोडीदारावर जेमतेम तीन. एखादा पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा झिजलेला. आणि गाडी अलीकडच्या काळातली असेल तर पुष्कळदा मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपलेले सापडतात. ब्रेकचं ओझं पुढच्या चाकांवर जास्त पडतं हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पेडल एक, पाय एक, ब्रेक ऑइलही एकाच टाकीतलं. मग हा पक्षपात करतं कोण?

उत्तर शोधण्याआधी या पॅडांना काय काम असतं ते पाहू. १,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावते तेव्हा तिच्या अंगात सुमारे ४ लाख ६० हजार ज्यूल ऊर्जा असते. कचकन ब्रेक मारला की साडेतीन सेकंदांत ती जवळपास सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये शिरते. एवढ्या उष्णतेवर दीड लिटर पाणी उकळेल. चहापुरता हिशेब किरकोळ वाटतो, पण साडेतीन सेकंद म्हणजे गॅस पेटवून भांडं ठेवेपर्यंतचा वेळ. अश्वशक्तीत मांडलं तर सरासरी १८०, आणि पहिल्या क्षणी त्याच्या दुप्पट. ज्या गाडीचं इंजिन ८५ अश्वशक्तीचं, तिच्या चाकांआड चौपट ताकदीचं यंत्र बसलेलं आहे. जाहिरातीत मात्र इंजिनाचाच आकडा येतो.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना हीच गाडी साधारण ५५० मीटर खाली येते. सगळा भार ब्रेकवर टाकून उतरलात तर डिस्कना ६५ लाखांच्या आसपास ज्यूल पचवावे लागतील, म्हणजे १०० च्या वेगातून लागोपाठ चौदा वेळा थांबण्याइतके. खालचा गिअर टाका असं घाटात पाट्या लावून सांगतात ते यासाठी. त्यातली बरीच उष्णता इंजिनाच्या गळ्यात मारता येते.

आता ही उष्णता पेलणारी कारागिरी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तरंगता कॅलिपर असतो. कॅलिपर म्हणजे फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारी सांडशीच, पण हिच्या एकाच पात्यात जोर असतो. आतल्या बाजूला एक पिस्टन. तेलाचा दाब आला की तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क काही हलत नाही, म्हणून प्रतिक्रियेने सगळा कॅलिपरच उलट्या दिशेला, आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला टेकवतो. हे सरकणं दोन गुळगुळीत पिनांवर होतं. पिनांवरचं ग्रीस वाळलं, रबरी टोपी फाटून आत चिखल गेला, की मेकॅनिक म्हणतो, "पिन जाम आहे." मग बाहेरचा पॅड आळशी होतो आणि आतला मरेस्तोवर राबतो. आठ आणि तीन मिलिमीटरचं कोडं बहुधा इथेच सुटतं.

पण ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे कोण घेतं? मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत आवडणारी गोष्ट ही आहे. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी कडं असतं, तेल गळू नये म्हणून बसवलेलं. पिस्टन पुढे जातो तेव्हा हे रबर त्याला चिकटून किंचित वाकडं होतं. दाब गेला की रबर पुन्हा सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरचा एखादा दशांश मागे घेऊन येतं. बस, तेवढीच फट. पॅड झिजून पातळ झाला की पिस्टन रबराच्या वाकण्यापेक्षा थोडा जास्त पुढे जातो, रबरातून निसटतो, आणि नव्या जागी रबर त्याला पुन्हा धरतं. आपोआप जुळवून घेण्याचं इतकं स्वस्त यंत्र दुसरं मी पाहिलेलं नाही. पॅड झिजतात तशी टाकीतली ब्रेक ऑइलची पातळी उतरते ती गळतीने नव्हे, पिस्टन पुढे सरकून राहिले म्हणून.

हे रबर कडक झालं किंवा पिस्टनला गंज धरला की ती दशांशाची फट नाहीशी होते आणि पॅड डिस्कला घासत राहतो. कधी दोष कॅलिपरमध्ये नसतोच, रबरी नळीत असतो. ती आतून फुगली की पायाच्या जोरापुढे तेल जाऊ देते, पण परत यायला जोर नसतो, म्हणून अडवून धरते. मग चारांतलं एकच चाक गरम येतं आणि तिथलाच पॅड संपतो.

पाचरीची गोष्ट वेगळी आहे. डिस्क फिरताना पॅडला आपल्याबरोबर ओढते, तेव्हा पॅड थोडा कलंडतो आणि ज्या टोकाकडून डिस्क आत शिरते ते टोक जास्त रुतून झिजतं. शर्यतीच्या आणि महागड्या गाड्यांत एका बाजूला दोन-तीन पिस्टन असतात. नीट पाहिलं तर ते एका मापाचे नसतात. डिस्क शिरते त्या बाजूचा पिस्टन मुद्दाम लहान ठेवलेला असतो, म्हणजे त्या टोकावर दाब कमी पडावा. असमान झीज टाळायला असमान पिस्टन!

डिस्क तरी सगळीकडे सारखी झिजते का? ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं, तेव्हा गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: "डिस्क बेंड झाली." शर्यतींच्या गाड्यांवर आयुष्य घालवलेले अमेरिकी अभियंते कॅरोल स्मिथ यांनी या निदानावर एक लेखच लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की वाकलेली डिस्क म्हणून त्यांनी तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी खरा प्रकार निराळा निघाला. पॅडचा माल डिस्कवर कुठे जास्त, कुठे कमी चिकटलेला होता.

पॅड आणि डिस्क यांचं घर्षण म्हणजे नुसतं खरवडणं नाही. पॅड तापतो तसा त्यातला माल डिस्कवर पातळ थर करून बसतो आणि पुढे पॅड आपल्याच थरावर घासतो. हा थर एकसारखा असेल तर ब्रेक लोण्यासारखे लागतात. घाट उतरून तापलेल्या डिस्कवर पाय दाबून गाडी उभी ठेवली, की पॅडचा ठसा त्या जागी उमटू शकतो. तिथे घर्षण वेगळं, म्हणून उष्णता जास्त, म्हणून झीज वेगळी. फारच तापलं तर बिडाच्या त्या ठिपक्यात सिमेंटाइट नावाचा कडक पदार्थ तयार होतो. तो मग बाजूच्या लोखंडाइतका झिजत नाही आणि उंचवटा होऊन राहतो. लेथवर घासून घेतलेली डिस्क काही दिवसांत पुन्हा थरथरू लागते, त्यामागे अनेकदा हाच ठिपका असतो.

दुसरा मार्ग याहून चकित करणारा. डिस्क हबवर बसवताना मागे गंजाचा पापुद्रा राहिला, किंवा चाकाचे नट एअर गनने कमी-जास्त आवळले गेले, तर डिस्क अगदी किंचित लचकत फिरते. पाच शतांश मिलिमीटर म्हणाल तर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ब्रेक लावताना याचा काही त्रास होत नाही, कॅलिपर तिच्यासोबत डोलतो. त्रास होतो तो ब्रेक लावलेला नसताना. लचकणाऱ्या डिस्कचा एक भाग दर फेऱ्याला पॅडला हलकेच चाटून जातो. ताशी १०० वेगाला सेकंदात चौदा-पंधरा वेळा, मैलोन् मैल. प्रत्येक स्पर्शात जवळजवळ काहीच झिजत नाही, पण काही हजार किलोमीटरनंतर डिस्क त्या जागी १० ते १५ मायक्रॉनांनी पातळ झालेली असते. तेवढं पुरतं. त्या दहा मायक्रॉनांचा ठोका पिस्टन, तेल, सस्पेन्शन यांतून वाढत वाढत येतो आणि आपल्या हातातलं स्टिअरिंग हलवतो. ब्रेकची खराबी ब्रेक न मारता झाली!

आणि इथून मागच्या पॅडांच्या कोड्याकडे जाता येतं.

जोराचा ब्रेक लागतो तेव्हा गाडी नाक खाली घालते. उभी असताना साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असेल, तर त्या क्षणी ते पंचाहत्तरच्या पुढे जातं. मागची चाकं हलकी होतात आणि त्यांना जास्त ब्रेक दिला तर ती आधी जाम होऊन गाडी गर्रकन फिरते. या भीतीने जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब एका साध्या झडपेने दाबून ठेवलेला असे. झडपेला रस्ता कळत नाही, ती सगळ्यांत वाईट प्रसंग धरून वागायची. त्यामुळे मागचे ब्रेक जन्मभर आराम करायचे.

१९७८ साली बॉशने बनवलेलं, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. प्रत्येक चाकाचा वेग मोजला जाऊ लागला. एकदा तो मोजता आला की मागचं चाक घसरण्याच्या किती जवळ आहे हेही कळतं. मग त्याला दबकून का ठेवायचं? हळूहळू संगणकाने मागच्या चाकांना त्यांच्या ऐपतीएवढं काम द्यायला सुरुवात केली. गाडी कमी झुकते, चारही टायर वापरले जातात. आपला रोजचा ब्रेक बहुतेक वेळा हलकाच असतो, आणि हलक्या ब्रेकमध्ये वजन फारसं पुढे जात नाही, म्हणून मागच्यांचा वाटा चांगला मोठा निघतो. त्यात मागचे पॅड आकाराने लहान आणि पातळ, कारण ते जोराच्या ब्रेकचा विचार करून बनवलेले. ते आधी संपणार यात नवल नाही.

खरी उलथापालथ मात्र १९९५ सालची, जेव्हा गाडी घसरू नये म्हणून ईएसपी आलं. त्याच्या हायड्रॉलिक युनिटमध्ये स्वतःचा पंप होता. म्हणजे पेडलवर पाय नसतानाही हव्या त्या एका चाकावर ब्रेक लावता येऊ लागला. हे सामर्थ्य हाताशी आल्यावर अभियंते गप्प बसणारे नव्हते. चढावर एक चाक गिरक्या घेतंय, लाव त्याला ब्रेक. वळणावर नाक बाहेर जातंय, आतल्या चाकाला किंचित धर. चढावर थांबलाय, दोन सेकंद पकडून ठेव. क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीच्या फार जवळ नेतोय, हलके हलके लाव. काही गाड्या वायपर चालू दिसला की दर थोड्या वेळाने पॅड डिस्कला निमिषभर टेकवून पाणी पुसून काढतात. आपल्याला कळतही नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला, तर आता हा ब्रेकच मारणार असा अंदाज बांधून काही गाड्या पॅड आधीच डिस्कजवळ आणून ठेवतात. पाय ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्या मधल्या हवेत असताना गाडीने निम्मं काम उरकलेलं असतं.

तेव्हा झिजलेला पॅड हा आता फक्त चालकाच्या स्वभावाचा दाखला राहिलेला नाही. पूर्वी पॅड पाहून मेकॅनिक सांगायचा, हा माणूस ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो. आज त्या झिजेत आपण न मागितलेली कामंही मिसळलेली आहेत, आणि कुठली आपली, कुठली संगणकाची, हे नुसत्या डोळ्यांनी वेगळं करता येत नाही.

अशीच सरमिसळ पेडलमध्येही आहे. नवी गाडी घेतलेल्यांची नेहमीची तक्रार: "नुसता टच केला तरी सगळे पुढे फेकले जातात." हा तिखट ब्रेक येतो कुठून?

पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा त्याच्या मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. १९२७ च्या सुमाराला बेल्जियमचा अभियंता आल्बेर देवांद्र याने तो ब्रेकला जुंपला. बॉनेटखाली मागच्या भिंतीला लागून जो काळा चपटा डबा दिसतो, तो त्याचाच वंशज, बूस्टर. डब्यात रबरी पडदा, पुढे निर्वात. पेडल दाबलं की पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते. पडदा २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि दाबातला फरक वातावरणाच्या दोन तृतीयांशाइतका धरला, तर साडेतीनशे किलोच्या वजनाएवढा जोर मिळतो. आपण हवेला आत यायला दार उघडून देतो, गाडी थांबवतं ते वातावरण. इंजिन बंद करून पेडल दोन-तीनदा दाबा, साठवलेला निर्वात संपतो आणि पेडल दगड होतं. ते दगडपण म्हणजे आपली स्वतःची ताकद.

पण पायाला जोराचा अंदाज यावा लागतो, नाहीतर ब्रेक म्हणजे चालू-बंदचं बटण होईल. त्यासाठी बूस्टरच्या पोटात नाण्याएवढी रबराची चकती असते. तिच्या एका अंगाला तेलावर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे जाणारा दांडा. दुसऱ्या अंगाला कडेने बूस्टरचा जोर आणि मधोमध आपल्या पेडलची लहानशी दांडी. दाबाखाली रबर मध्यावर फुगतं आणि दांडीला मागे रेटतं. तोच आपल्या तळव्याला जाणवणारा ब्रेकचा जोर. आता खुबी अशी, की सुरुवातीला रबर आणि दांडी यांच्यात बारीकशी फट ठेवलेली असते. रबर फुगून तिथे पोचेपर्यंत पायाला काहीच लागत नाही, पण बूस्टरने मात्र ठरावीक दाब एका उडीत दिलेला असतो. फट थोडी मोठी ठेवली की उडी मोठी, आणि गाडी टचला थांबते. म्हणजे हा बिघाड नसतो, कंपनीने ठरवलेली आवड असते. माझं मत विचाराल तर ही आवड शोरूमपासूनच्या पहिल्या दोन किलोमीटरांसाठी जोपासली जाते. तेवढ्या फेरीत तिखट ब्रेक भक्कम वाटतो, वैताग नंतर सिग्नलवर येतो.

टोकाचं उदाहरण पाहायचं तर १९५५ सालच्या सित्रोएन डीएसकडे जावं लागेल. तिला नेहमीचं पेडल नव्हतंच. फरशीवर रबराची एक गोल घुंडी होती, जी जेमतेम हलायची. किती दाबली यापेक्षा किती जोराने दाबली हे ती ओळखायची, आणि तिच्यामागे पंपाने आधीच दाबून ठेवलेलं तेल सज्ज असायचं. मागे माणसं-सामान किती आहे हे सस्पेन्शनच्या दाबावरून समजून ही गाडी पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेक वाटूनही द्यायची, संगणक नसताना. सवय झालेल्यांना दुसरी गाडी नको व्हायची. पहिल्यांदा बसलेला मात्र साध्या पेडलच्या सवयीने घुंडीवर पाय मारायचा आणि सगळ्यांची नाकं काचेकडे!

तिखटपणा अर्धा पायात असतो, हे डीएस न शोधताही पाहता येतं. क्लचची गाडी वर्षानुवर्षं चालवलेला माणूस ऑटोमॅटिकमध्ये बसतो आणि डावा पाय चुकून रुंद ब्रेक पेडलवर पडतो. गाडी जागच्या जागी आपटते. डावा पाय क्लचवर दणका द्यायला शिकलेला असतो. ग्रॅमा-ग्रॅमाने जोर मोजणं हे उजव्याचं शिक्षण.

उजवा पायही संकटात चुकतो, पण उलट्या बाजूने. बर्लिनमधल्या आपल्या सिम्युलेटरमध्ये मर्सिडीजच्या अभियंत्यांनी चालकांना अचानक प्रसंगांत टाकून पाहिलं. बहुतेकांनी पाय पेडलवर झटकन मारला, पण पुरेसा जोर दिलाच नाही. म्हणून १९९६ पासून गाडी पेडल किती खोल गेलं यापेक्षा किती वेगाने गेलं हे बघू लागली. झटका दिसला की ती उरलेला सगळा ब्रेक स्वतः लावते. जीव वाचवणारी ही युक्ती. तिचं तापट भावंड म्हणजे खड्डा चुकवताना घाबरून मारलेली टिचकीही गाडीने आणीबाणी मानणं.

काही तिखटपणा हवामानाचा असतो. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बिडाच्या डिस्कवर सकाळी नारिंगी गंज दिसतो. पॅडही दमट. पहिले दोन-तीन ब्रेक खरखर करत पकडतात, मग गंज निघून जातो आणि ब्रेक माणसात येतो. थांबण्याच्या शेवटच्या क्षणाचा हिसकाही असाच पदार्थांच्या स्वभावातून येतो. वेग शून्याकडे जाताना पॅडचं घर्षण वाढतं, गाडी थांबते आणि खाली दबलेलं नाक सस्पेन्शन एकदम सोडून देतं. मुरलेले चालक गाडी थांबायच्या अर्धा सेकंद आधी पाय किंचित सैल करतात. मागे बसलेल्याच्या कपातला चहा हलत नाही.

विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांनी या सगळ्या हिशेबाची पाटी पुसायला घेतली आहे. तिथे हलका ब्रेक म्हणजे मोटर उलटी वापरून वीज बॅटरीत भरणं. जोर वाढला किंवा वेग फार उतरला की खरे पॅड पुढे येतात. हा हातबदल पायाला कळू नये हे अवघड काम. २०१० च्या फेब्रुवारीत टोयोटाने प्रिअससह चार लाखांहून जास्त हायब्रिड गाड्या परत बोलावल्या, त्या याच सांध्यावरून. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हलका ब्रेक चालू असताना एबीएस जागं झालं की काम मोटरकडून तेलाकडे जायचं आणि त्या निमिषात चालकाला ब्रेक सैल झाल्यासारखा वाटायचा. दुरुस्तीत एकही पॅड बदलला नाही, सॉफ्टवेअर बदललं. २०१३ पासून बॉशचा विजेवर चालणारा बूस्टरही बाजारात आहे. त्यात रबराच्या चकतीची जागा बऱ्याच अंशी प्रोग्रॅमने घेतली. एकच गाडी बटण दाबून मऊ किंवा तिखट करता येते.

आणि पॅड? त्यांची अडचण आता उलटी झाली आहे. रोजचं बहुतेक थांबणं मोटर उरकते, पॅड नुसते बसून असतात, डिस्कला गंज धरतो. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या विजेच्या गाड्यांत मागे चक्क जुने ड्रम ब्रेक बसवले, कारण ड्रम आतून झाकलेला असतो आणि रिकामपणी गंजत नाही. पोर्शेच्या टायकानमध्ये पॅड दर सहा वर्षांनी बदलायला सांगतात, ते झिजले म्हणून नव्हे, वय झालं म्हणून. मधल्या काळात ती गाडी अधूनमधून मोटर बाजूला ठेवते आणि चालकाला न सांगता साध्या डिस्क ब्रेकने थांबते, डिस्कवरचा गंज घासून निघावा म्हणून.